किटलीच्या दाताची उशी

मी उभ्या जन्मात खिसे शिवले. फक्त खिसे. कोटांच्या कारखान्यात बाह्या लावणारा वेगळा, कॉलर बसवणारा वेगळा, काजं करणारी बाई वेगळी, आणि खिशांच्या टेबलाशी चाळीस वर्षं मी. तेवढ्या वर्षांत मी एक खिसा इतका खोल शिवला की त्याचं गिऱ्हाईक अजून आत हात घालून किल्ली शोधतंय. आणि एका तयार ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात कारखान्याच्या मांजरीनं तीन पिल्लं घातली, तरी कोट ठरल्या दिवशी दुकानात पोचला. यातली एक गोष्ट अगदी खरी आहे. कुठली ते सांगत नाही. सांगून उपयोग होत नाही हे मला घरच्यांनी शिकवलंय.

माझी मुलगी बंदरावर क्रेन चालवते. तिची कामाची लांब पाळी असली की नात आमच्याकडे राहायला येते. तिला मी किटली म्हणतो, कारण ती लवकर तापते आणि तापली की झाकण उडतं. तिला पहिल्यांदा सोडायला आली तेव्हा मुलीनं दारातच बजावलं होतं, की आजोबा सांगतील त्यातलं अर्धं सोडून द्यायचं. किटलीनं सरळ विचारलं, "कुठलं अर्धं?"

याचं उत्तर कोणालाच देता आलं नाही, तेव्हा तिनं स्वतःची पद्धत काढली. मी काहीही बोललो की ती मान वळवून आजीकडे बघते. आजीनं मान हलवली तर खरं, आजीनं नुसते ओठ दाबले तर थाप. मी म्हणतो दूध उतू चाललंय, ती आजीकडे बघते, आजी मान हलवते, आणि तोवर दूध ओट्यावरून खाली उतरलेलं असतं.

आधी आधी मला याची मजाच वाटायची. पण मागच्या महिन्यात जिन्यात माझा पाय मुरगळला. खाली बसलो आणि किटलीला म्हटलं, पोरी, हात दे जरा. ती दोन पायऱ्या खाली आली, थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि परत वर पळाली. कशाला, तर आजोबा खरंच पडलेत का ते आजीला विचारायला. मी आपला पायरीवर बसून राहिलो. पायापेक्षा दुसरंच काहीतरी दुखत होतं. या पोरीनं एकदा, नुसतं एकदाच, आजीकडे न बघता माझं म्हणणं खरं मानावं, हे त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. कोणाला आरामखुर्ची, कोणाला गावभर मान. मला एवढंच.

तर एका सकाळी किटली मूठ आवळून माझ्या घरच्या शिलाई मशीनपाशी आली. मूठ उघडली तर आत दात. खालचा, पुढचा. बोलताना नव्या फटीतून वारा जात होता, त्यामुळे निम्मं बोलणं आणि निम्मी शिट्टी अशी बातमी मिळाली. तिच्या वर्गातल्या एका मुलीकडे दाताची उशी होती. छोटी उशी, तिला खिसा, खिशात दात. रात्री परी येते आणि दात घेऊन जाते. तर अशी उशी तिला आज संध्याकाळच्या आत हवी होती, आणि घरात शिंपी असल्यामुळे उशिराचं काही कारण तिला दिसत नव्हतं.

या घराण्यात माझ्यावर मात करणारं कोणीतरी निपजलं म्हणायचं, असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मीच मान वळवून बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली नाही आणि ओठही दाबले नाहीत. खांदे उडवले. म्हणजे काय समजायचं, ते आमच्या पद्धतीत बसत नव्हतं.

मुलीला फोन लावला. ती क्रेनच्या खोलीत, इतक्या उंचावर की तिथून बोललेलं आधी ढगात जातं आणि मग खाली येतं. दोन कंटेनरांच्या मधल्या सवडीत तिनं सांगितलं, की बाबा, उशी हातभर नको, हाताएवढी, खिसा पुढच्या बाजूला, दात त्यात, सकाळपर्यंत परी दात नेते आणि. त्या "आणि"वर पुढचा कंटेनर आला आणि फोन बंद झाला.

आता माझी खरी पंचाईत झाली. खोटं मला कळतं. खऱ्याचाही अंदाज येतो. पण हे नक्की कशातलं होतं? दात नेते आणि काय? नेऊन त्याचं करते काय? आणि मुळात उशी कोणाची? परीला डोकं टेकायला, दाताला पडून राहायला, की किटलीला? कारखान्यात कागदावर लिहून यायचं, डावा खिसा, इतकी रुंदी, इतकी खोली, झाकण आहे किंवा नाही. इथे गिऱ्हाइकाचा पत्ता नाही, माप हाताएवढं तर कोणाच्या हाताएवढं याचा पत्ता नाही, आणि माल उचलायला कोण येणार तेही धड ठाऊक नाही.

बायकोचं म्हणणं पडलं, की उशी दाताची. बिचारा इतकी वर्षं कामाला होता, आता मोकळा झाला, त्यानं पडून राहायला नको का. हे म्हणताना ती दाताकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती, म्हणून मी तो विषय वाढवला नाही.

खाली गेलो. आमच्या इमारतीच्या दाराशी, बरोबर माझ्या खिडकीखाली, चावीवाला त्याचं टेबल मांडून बसतो. टक्कल असं की त्यात बघून भांग पाडावा. त्याला विचारलं, दातांच्या परीबद्दल काही माहिती आहे का. तो म्हणाला, मास्तर, आहे म्हणजे काय, ती दातांच्या किल्ल्या करते. प्रत्येक माणसाचा दात वेगळा, म्हणून प्रत्येक किल्ली वेगळी. कशाच्या किल्ल्या ते मात्र त्याला सांगता येईना. दाराची फरशी उखडून नवी घालण्याचं काम तेव्हा चालू होतं, आणि फरशीवाला भिंतीशी पांढऱ्या खडीचा ढीग करत होता. त्यानं फावडं टेकवलं आणि सांगितलं, की किल्ल्या वगैरे काही नाही, परी दातांची जमीन घालते. मोठाल्या महालाची. पांढरी, गुळगुळीत, पाय घसरेल अशी. तो आणि चावीवाला यावर भांडायला लागले, आणि मी आलो त्याहून जास्त गोंधळून वर गेलो.

शेवटी माझ्या बुद्धीला पटलं तसं केलं. दात न्यायला लांबून येणार म्हणजे बाई दमणार. तेव्हा उशी परीचीच. आणि परी लहान असते एवढं सगळ्यांनाच मान्य होतं. मी अंगठ्याएवढी उशी शिवली. आत चिमूटभर कापूस, कडेनं झालर. अशी नाजूक चीज मी कधी केली नव्हती. झालर शिवताना श्वाससुद्धा धरून ठेवावा लागत होता, नाहीतर उशी उडून गेली असती.

किटलीनं ती तळहातावर घेतली आणि विचारलं, ही कोणाची. मी म्हटलं, परीची. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं आमचा मुकादम वाकडा खिसा बघायचा.

"आजोबा, ती झोपायला नाही येत. कामाला येते."

इतकं सरळ उत्तर सकाळपासून कोणी दिलं नव्हतं. मग मी प्रश्न विचारणंच सोडलं आणि गिऱ्हाइकाला शेजारी स्टुलावर बसवून घेतलं.

निळ्या मखमलीचा तुकडा होता, कोटांच्या कॉलरीतून उरलेला. त्याचे दोन चौकोन कापले, तिच्या पसरलेल्या पंजाएवढे, चहूबाजूंनी शिलाईपुरती जागा सोडून. खिसा लाल अस्तराचा. खिसा आधी पुढच्या चौकोनावर बसवायचा, तीन बाजूंनी टीप मारून, वरची बाजू उघडी. उशी बंद झाल्यावर खिसा लावायला गेलात तर मागचं कापडही टीपेत येतं. मग दोन्ही चौकोन, सुलट बाजू आत, एकमेकांवर ठेवून कडेनं टीप, पण दोन बोटं जातील एवढी जागा सोडायची. त्या जागेतून उशी उलटी करायची आणि पेन्सिलीच्या बोथट टोकानं कोपरे बाहेर काढायचे. हे सगळं मी बोलत बोलत केलं, आणि यातला एकही शब्द थाप नव्हता. तरी किटली दर वाक्याला आजीकडे बघत होती. आजीनं आयुष्यात कधी खिसा शिवला नाही. तरी ती मान हलवत होती, आणि मग किटलीला पटत होतं.

उशी उलटून झाली, कापूस भरायचा बाकी होता, तेवढ्यात आजीनं किटलीला हाक मारली. तिला नवे बूट घ्यायला न्यायचं होतं. किटलीची मूठ सकाळपासून आवळलेली, घामानं ओली. तिनं दात लाल खिशात टाकला, वरून दोनदा थोपटला आणि जाहीर केलं, की आता याला कोणी हात लावायचा नाही. दारातून मागे वळून आणखी म्हणाली, तुम्हीपण नाही. मी हो म्हटलं. तिनं आजीकडे बघितलं. आजीनं मान हलवली. गेल्या दोघी.

मी कापूस भरला. मखमलीत कापूस जास्त भरला की उशी चेंडू होते, म्हणून कोपऱ्यांत आधी, मधे नंतर. दोन बोटांची जागा हातानं शिवून बंद केली, टाका दिसणार नाही असा. दोरा तोडला.

आणि मग जे झालं ते मी केलं असं मी अजूनही म्हणणार नाही. ते हातानं केलं.

त्याचं असं आहे. आमच्या कारखान्यात फार पूर्वी एका कोटाच्या खिशात सुई राहिली आणि ती गिऱ्हाइकाच्या बोटात गेली. गिऱ्हाईक कोणीतरी बडं होतं. त्या दिवसापासून मुकादमानं नियम केला: खिसा पुरा झाला की लगेच बोटानं बाहेर ओढायचा, उलटा करायचा आणि खिडकीबाहेर धरून तीनदा झटकायचा. सुई, टाचणी, खडूचा तुकडा, काही राहता कामा नये. त्यानंतर जितके खिसे शिवले तितके झटकले. जेवताना शर्टाच्या खिशाला टाका घातला, तर तोही जेवता जेवता झटकला. कारखान्यातून मी निवृत्त झालो, पण माझ्या हाताला ते कोणी कळवलंच नाही.

मी मात्र खुशीत होतो. उशी लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली. कोपरे टोकदार, टीप सरळ. मग दात कसा बसलाय म्हणून खिसा वरून चाचपला. सपाट. बोट घातलं. रिकामा.

दोन-तीन क्षण मी नुसता बोटाकडे बघत राहिलो. आत्ता तर होता. शिवणीच्या फटीतून आत कापसात गेला असेल म्हणून नुकतीच घातलेली शिवण उसवली, सगळा कापूस बाहेर काढला, पिंजला. मशीनखाली बघितलं, मशीनचं पायडल उचललं, स्वतःच्या बाह्या झटकल्या, चष्मा काढून त्याच्या मागे बघितलं. खोलीत कापूस उडत होता आणि मी गुडघ्यांवर रांगत होतो, तेव्हा खिडकीखालून चावीवाल्याचा आवाज आला.

"मास्तर, खडूचे तुकडे टाकता ते टाका, पण माणूस बघून टाका. टाळूवर बसला की हो."

मी खिडकीतून डोकं काढलं. तो टक्कल चोळत होता. विचारलं, बसला तो पडला कुठे. त्यानं हातातल्या कानशीनं दाखवलं. भिंतीशी पांढऱ्या खडीचा ढीग. दाताएवढी खडी. दाताच्या रंगाची. पोत्यांच्या पोती.



खाली जाऊन आम्ही तिघांनी तो ढीग उपसला. फरशीवाल्यानं चाळण आणली, पण दात आणि खडी एकाच भोकातून पडत होते, त्यामुळे चाळून काही साधलं नाही. मग हातानं निवडायला बसलो. चावीवाल्यानं एक उचलून म्हटलं, हाच. खरंच दातासारखा होता. फरशीवाल्यानं दुसरा उचलून म्हटलं, तो नाही, हा. तोही होता. मला तिसराच खरा वाटला. थोड्या वेळानं अशी स्थिती झाली की जे उचलू ते दातच. माझ्याच तोंडातले मोजून घ्यावेत असं वाटायला लागलं. शेवटी सातांवर येऊन थांबलो, आणि त्या सातांत तो आहे की ढिगात राहिला, की चपलेला चिकटून गल्लीच्या टोकाला गेला, हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकेना.

चावीवाला म्हणाला, मास्तर, एवढं काय त्यात. पोरीला काय कळतंय, परीला काय कळतंय. आणि तुम्ही म्हणजे काय, तुम्हाला का हे जड आहे.

नव्हतंच जड. वर आलो, सातही धुतले, पुसले, आणि त्यातला सगळ्यात देखणा निवडला. काय दात होता. परमेश्वरानं खरे दात करण्याआधी त्याच्यावर हात बसवून घेतला असावा. बाकीचे सहा खडूच्या डबीत ठेवले. कापूस परत भरला, शिवण घातली, तो लाल खिशात ठेवला, आणि या खेपेला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून खिडकीपासून लांब जाऊन बसलो.

नव्या बुटांचा आवाज जिन्यातून वर आला. किटली आत आली, उशी उचलली, गालाला लावली, कोपरे टोचून बघितले. खूश होती. मग खिशात दोन बोटं घालून तिनं दात बाहेर काढला. उजेडात धरला. मग तोंड उघडून फटीत बसवून बघितला. बसला नाही. परत हातात घेऊन बघत बसली.

मी तयारच होतो. पडलेला दात हवेनं फुगतो, हे मी सांगणार होतो. त्याच्यामागे आणखी दोन गोष्टी रांगेत उभ्या होत्या. पण तिनं मला काही विचारलंच नाही. आजीकडेही बघितलं नाही. ती दाताशीच पुटपुटली, की मला वाटत होतं माझा लहान होता. जिभेनं फट चाचपली, परत दाताकडे बघितलं, आणि म्हणाली, "माझंच चुकलं असेल."

माझ्या थापांनी आजवर लोकांना माझी शंका आली. ती चालते, तिच्यावर तर आमची दोस्ती चालते. पण माझ्यामुळे कोणाला स्वतःची शंका यावी, स्वतःच्या तोंडातला दात आपल्याला ओळखता येत नाही असं वाटावं, हे मी कधी बघितलं नव्हतं. साडेसहा वर्षांची पोर, कपाळाला आठी घालून आपलंच डोकं तपासत होती.

मी म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही. तो तुझा दात नाही. तुझा माझ्याकडून हरवला.

आणि सगळं सांगितलं. हात, खिडकी, तीनदा झटकणं, चावीवाल्याचं टक्कल, टकलावरून खडीच्या ढिगात. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं ते कसं वाटतंय.

किटली हसायला लागली. फटीतून शिट्टी वाजेपर्यंत हसली. म्हणाली, "आजोबा, ही मांजरीच्या पिल्लांपेक्षा मस्त आहे." मग सवयीनं आजीकडे वळली. आजी तर हे घडलं तेव्हा बुटांच्या दुकानात होती. तिनं मान हलवली नाही, ओठ दाबले नाहीत. माझ्याकडे आणि जमिनीवरच्या कापसाकडे आळीपाळीनं बघत राहिली. मी चावीवाल्याला बोलावतो म्हटलं, तर किटली म्हणाली, तो तुमचाच माणूस आहे.

आता काय करावं. खोटं सांगितलं असतं तर तिनं स्वतःला वेड्यात काढलं असतं. खरं सांगितलं तर मला काढत होती. माझी पार भंबेरी उडाली. शपथ घ्यावी तर माझ्या शपथांचा भाव घरात सगळ्यांना ठाऊक. मी तेच ते पुन्हा सांगायला लागलो, आधी हळू, मग भरभर, मग शेवटाकडून सुरुवातीकडे. बायकोला माझी कीव आली असावी. बोलता बोलता हाताला काहीतरी काम असू दे म्हणून तिनं किटलीचं जाकीट माझ्यापुढे टाकलं. दुकानात कशाला तरी अडकून त्याचा खिसा कोपऱ्यात उसवला होता. मी सुई ओवली आणि बोलत राहिलो. की मुकादम कसा होता, सुई कोणाच्या बोटात गेली, नियम कधी झाला. चार टाके, गाठ, दोरा तोडला.

किटली एकदम गप्प झाली, म्हणून मी वर बघितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. मीही बघितलं. हात खिडकीबाहेर होता. जाकिटाचा खिसा उलटा होऊन लोंबत होता, आणि तिसरा झटका नुकताच संपला होता.

खालून आवाज आला, "मास्तर, आता काय खडू?"

ती खिडकीपाशी धावली. तिच्या खिशातला हिरव्या रंगाच्या खडूचा तुकडा चावीवाल्याच्या टेबलावर किल्ल्यांमध्ये पडला होता, आणि चावीवाला दोन्ही हातांनी डोकं झाकून वर बघत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, खडीच्या ढिगाकडे बघितलं. मग वळून माझ्या हाताकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. आजी तिथेच उभी होती. तिच्याकडे ती वळलीच नाही.

तर मला जे हवं होतं ते मिळालं. आणि ते मिळताच किटलीचे डोळे भरले, कारण हे खरं म्हणजे दातही खरंच गेला होता. विश्वास बसला की माणूस आनंदानं बघतं अशी माझी कल्पना होती. ती स्टुलावर बसली आणि आवाज न करता रडली. मी काय करावं ते न कळून उशी तिच्या मांडीवर ठेवली, मग वाटलं चुकलं, परत उचलली, मग परत ठेवली.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि मला जवळ बोलावलं. आज तुम्ही खरंच सांगताय ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं अगदी हळू विचारलं, "मग सांगा. परी खरी असते का?"

अशा पेचात मी कधी सापडलो नव्हतो. असते म्हणावं, तर ते माझ्या जुन्या खात्यातलं होईल, आणि आत्ता तासाभरापूर्वी मिळालेलं सगळं जाईल. नसते म्हणावं, तर ते तरी मला कुठे ठाऊक होतं? सकाळपासून किती जणांना विचारलं, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. मी तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते ऐकून मीच चकित झालो.

"मला माहीत नाही, पोरी. आज दिवसभर शोधतोय. मला काहीच कळलेलं नाही."

आणि तिला सगळं सांगितलं. आजी म्हणते दात आराम करतो, चावीवाला म्हणतो किल्ल्या होतात, फरशीवाला म्हणतो जमीन होते, आणि तुझी आई म्हणते, परी दात नेते आणि. पुढचं कंटेनरनं नेलं. किटली लक्ष देऊन ऐकत होती. मलापण नीट नाही कळलं, ती म्हणाली. वर्गातल्या मुलीलाही नीट माहीत नव्हतं, तिनं नुसती उशी दाखवली. मग आम्ही दोघं काही वेळ, काहीच न कळलेल्या दोन माणसांसारखे, शेजारी शेजारी बसून राहिलो. मला वाटतं त्या घरात मी इतका निवांत कधी बसलो नव्हतो.

नंतर तिनं विचारलं, बाकीचे सहा कुठे आहेत. मी खडूची डबी दिली. तिनं सहाही तळहातावर ओतले, प्रत्येकाला फटीशी नेऊन बघितलं, आणि एकावर जरा जास्त वेळ थांबली, पण बोलली काही नाही. मग सातही लाल खिशात घातले. खिसा फुगला. मी म्हटलं, एवढे कशाला. ती म्हणाली, यात माझा असला तर असेल. खरी असली तर तिला कळेल. आणि नसला तर तिनं खाली जाऊन शोधावा, कामालाच तर येते.

 आता रात्री नेमकं कोणी काय करायचं, सातांतला कुठला उचलायचा, एक की सगळे, हे बायकोला डोळ्यांनीच विचारलं. तिनं पुन्हा खांदे उडवले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. पाळी संपत आली होती, एक-दोन कंटेनर राहिले होते. उशी झाली का, तिनं विचारलं. मी म्हटलं झाली, पण दात माझ्या हातानं खिडकीबाहेर झटकला, चावीवाल्याच्या टाळूवर आपटून खडीत गेला, आम्ही सात काढलेत, त्यातला एक बहुतेक तिचा आहे. पलीकडून एक मोठा सुस्कारा आला. म्हणाली, बाबा, मी आज बारा तास हवेत लटकतेय, आजच्या दिवस तरी नीट सांगा ना.

मी नीटच सांगत होतो. परत सांगायला लागलो, तर शब्द एकमेकांत अडकले. तेव्हा किटलीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. तोंडाशी धरला आणि फटीतून येणाऱ्या शिट्टीसकट, अगदी सावकाश म्हणाली, "आई, आजोबा खरं सांगताहेत."

मग फोन मला परत दिला आणि उशी ठेवायला आत गेली. मी तो कानाला लावला. पलीकडून बराच वेळ नुसता क्रेनचाच आवाज येत राहिला.